तक्त्यात नसलेलं मांजर

ज्या सकाळी तक्तेसाहेबांची बायको म्हणाली, "बरं, बसते मी तुमच्याबरोबर खेळायला," त्याच सकाळी ही गोष्ट संपायला काही हरकत नव्हती. दुसरा कुणी नवरा असता तर त्याने चहा तसाच टाकून हाताला लागेल तो व्हिडिओ गेम विकत घेतला असता आणि बायकोचं मन बदलायच्या आत तिच्या हातात रिमोट कोंबला असता. तक्तेसाहेबांनी चहा पूर्ण प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि विचारलं, "लेखी देतेस का?"

तक्तेसाहेब हे काही त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी शाखेत सव्वीस वर्षं काढल्यावर ते चिकटलं. टाचण्यांचा डबा घ्यायचा असला तरी तीन दुकानांतून दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, तक्त्याखाली टिप्पणी, टिप्पणीखाली सही, सहीखाली दिनांक. हे झाल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. घरी टॉवेल घ्यायचा झाला तेव्हाही त्यांनी तक्ता केला होता. तो फाइलला लागेपर्यंत सगळे दोन महिने एकाच टॉवेलला अंग पुसत होते.

"लेखी कशाला? तोंडी पुरे," बायको म्हणाली. "पण अटी ऐका. एकच आणायचा. दोघांनी मिळून खेळायचा. आणि रक्तबिक्त नको, ते मला दिवसभर पुरतं."

ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. तिची आठ दिवसांची रजा साठली होती आणि महिनाअखेरपर्यंत घेतली नाही तर ती बुडणार होती. रजा सुरू व्हायला पंधरा दिवस होते. तक्तेसाहेबांना ही फारच घाई वाटली.

तरी आतून ते हरखले होते. मुलगा नोकरीला परगावी गेला आणि जाताना गेमचं मशीन घरीच ठेवून गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते नऊ तक्तेसाहेब हॉलमध्ये एकटे खेळत, आणि बायको आतल्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसे. मध्ये एक भिंत. भांडण नाही, अबोला नाही, सगळं कसं छान. पण त्या भिंतीचा तक्तेसाहेबांना अलीकडे राग यायला लागला होता. खेळता खेळता काही सुंदर दिसलं की ते "अगं बघ" असं म्हणायला तोंड उघडत आणि मिटत. आता ती स्वतःहून येऊन बसणार होती. आणलेला गेम भिकार निघाला, तर ती चार मिनिटं बसेल, हसून "छान आहे हं" म्हणेल आणि आत निघून जाईल, ती कायमचीच. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे निवड चुकून चालणार नव्हतं.

आणि नेमका त्याच दीड महिन्यात गेमचा नुसता पूर आला होता. एरवी वर्षभर चिडीचूप असलेल्या साऱ्या कंपन्यांना एकदम जाग आली होती. एकूण चौदा! मुलाला फोन केला असता तर त्याने दोन मिनिटांत एक नाव सांगितलं असतं. पण ज्या मुलाला आपण सायकल घेताना तीन दरपत्रकांचं महत्त्व समजावलं, त्यालाच विचारायचं? छे!

आता तक्तेसाहेबांची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. येऊ घातलेल्या गेमची जाहिरात दोन मिनिटांची असते. दोन मिनिटं संपली की इतर माणसं थांबतात. तक्तेसाहेब थांबत नसत. बसच्या खिडकीशी बसलं, की जाहिरातीतला रस्ता पुढे सुरू व्हायचा. वळण यायचं, वळणापलीकडे एखादं घर, घरात दिवा, दिव्याशी कुणीतरी शिवत बसलेलं. कंडक्टर खांद्याला हात लावायचा तेव्हा यांचा थांबा दोन थांबे मागे गेलेला असे. विकत न घेतलेल्या कितीतरी गेमांत त्यांनी असं वर्षानुवर्षं राहून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी बायको बाल्कनीत भाजी निवडत होती. खालच्या रस्त्यावर दिवे लागत होते.

"मग? बघितलंत का काही?" तिने विचारलं.

"एक आहे. 'वाऱ्याचं बेट'." तक्तेसाहेबांनी खुर्चीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. "एक बेट आहे. त्यावर दीपगृह. आपण दोघं तिथले राखणदार. एकाने होडी वल्हवायची, दुसऱ्याने कंदील धरायचा. धुकं इतकं दाट, की वल्ह्याचा आवाज तेवढा येतो, पाणी दिसतच नाही."

इथवर सगळं जाहिरातीतलं होतं. जाहिरात कुठे संपली ते त्यांना कळलं नाही.

"वर जायला लाकडी जिना आहे. प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा. चौथी तर अशी कुरकुरते, की कोण आलं ते वरच्या माणसाला बघावं लागत नाही. बेटावर एक छोटं पोस्ट आहे. तिथली बाई पत्र हातात द्यायच्या आधीच त्यात काय लिहिलंय ते सांगून टाकते. आणि अगदी वर, दिव्याच्या खोलीत, काचेला टेकून एक मांजर बसलेलं असतं. करडं. एकाच कानाचं."

"दुसरा कान?"

"गेला. कसा, ते ते सांगत नाही."

बायकोचा निवडता हात थांबला. "नाव काय त्याचं?"

"ते... पुढे कळतं."

"मग हाच आणा," ती म्हणाली.

बघा, दुसऱ्यांदा संधी आली होती. समोरून! तक्तेसाहेबांनी डोळे उघडले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असं कसं? अजून तेरा आहेत."

तर मग त्या तेरांची वर्णनं सुरू झाली. रोज संध्याकाळी एक. 'दोघांची बेकरी' झाली, 'मंगळावरचा माळी' झाला. बायको ऐकून घ्यायची, आणि शेवटी शेंगांचे दोरे काढता काढता विचारायची, "ते असू द्या. मांजर काय म्हणतंय?" मग तक्तेसाहेबांना मांजराची खबर द्यावी लागे. आज ते होडीत येऊन झोपलंय. आज त्याने पोस्टातल्या बाईची लोकर पळवली आणि सगळ्या जिन्याला गुंडाळली. आज धुकं काचेवर चढलं, तर ते पंजाने पुसत होतं. बाल्कनीत अंधार होई, भाजी केव्हाच निवडून झालेली असे, तरी ती उठत नसे. आपण यातलं नेमकं काय बघितलंय आणि काय नाही, हे तक्तेसाहेबांनाही आता सांगता आलं नसतं.

पण तक्ता तो तक्ताच! इथे पहिली अडचण आली. प्रत्येक गेम एकच कंपनी बनवते, मग तीन दरपत्रकं आणायची कुठून? तक्तेसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि नियमात पळवाट शोधली. जिथे दरपत्रकं मिळत नाहीत, तिथे जनतेच्या सूचना व हरकती मागवता येतात. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सूचना फलकावर, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, टंकलिखित कागद लागला: 'खालील चौदा व्हिडिओ गेमांपैकी एक घरगुती वापरासाठी खरेदी करण्याचे योजिले आहे. तरी संबंधितांनी आपल्या सूचना व हरकती सात दिवसांच्या आत सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

ज्या इमारतीत गच्चीच्या गळतीवर बोलवलेल्या सभेला तिघंजण येतात, तिथे या कागदावर तुफान गर्दी झाली.

पहिली हरकत सोसायटीच्या सचिवांची. ते स्वतः वर आले. "जावक क्रमांक कुठे आहे?"

"घरगुती पत्र आहे हो."

"घरगुती आहे तर फलकावर कशाला? आणि फलकावर आहे तर जावक क्रमांक कुठे आहे?"

असा प्रश्न आजवर तक्तेसाहेब इतरांना विचारत आले होते. त्यांनी कागद काढला, क्रमांक घातला आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला घेतली. सचिव समाधानाने चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, "गेम कुठलाही घ्या, मला त्यातलं काही कळत नाही."

दुसरे आले निवृत्त स्टेशनमास्तर, हातात चष्म्याची दोन घरं घेऊन. त्यांना यादीतला 'मालगाडी' पसंत होता. "डोळे मिटून घ्या," म्हणाले. पण तक्तेसाहेब डोळे मिटून काही घेणाऱ्यांतले नव्हते, म्हणून दोघांनी मिळून जाहिरात पाहिली. पाऊण मिनिटाला मास्तर ताडकन उठले. "थांबवा! सिग्नल लाल आहे आणि गाडी हलली! माझ्या अख्ख्या नोकरीत असं झालं नाही!" आणि स्वतःच्याच शिफारशीवर त्यांनी स्वतःच तीन पानी हरकत घेतली. एवढ्यावर भागेना, म्हणून कंपनीने सिग्नल दुरुस्त करावा असा अर्जही लिहिला. तो पाठवायचा पत्ता शोधण्यात तक्तेसाहेबांची एक अख्खी संध्याकाळ गेली. त्या संध्याकाळी मांजराची खबर राहून गेली.

मग तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी 'राखेचे राजे, भाग चार' मधला राक्षस बारकाईने पाहिला. "याला दाढा नाहीत," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "सगळे सुळेच. हा चावतो कसा? गिळतो? मग तीन भाग जगला कसा हो?" बायकोच्या अटीप्रमाणे तो गेम रक्तामुळे आधीच बाद होता. पण हरकत आली म्हणजे नोंदवायला हवी. तक्त्यात 'दाढा' असा एक नवा रकाना वाढला आणि 'मंगळावरचा माळी'समोर 'लागू नाही' असं लिहावं लागलं.

रविवारी तिघांची बैठक हॉलमध्ये झाली. सचिवांनी इतिवृत्त लिहिलं, मास्तरांनी सिग्नलचा विषय चार वेळा काढला. तक्तेसाहेब अगदी रंगात आले होते. मधेच पाणी आणायला म्हणून ते उठले, तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून पेन्सिलचा खरखर आवाज येत होता. बायको शब्दकोडं सोडवत होती. भिंतीच्या अलीकडे चार माणसं होती आणि पलीकडे ती एकटी. आत जाऊन बसावं, असं त्यांना फार वाटलं. पण तेवढ्यात सचिवांनी गणसंख्या मोजली.

ऑफिसात तर वेगळंच होऊन बसलं. चाळीस खुर्च्यांच्या खरेदीची टिप्पणी तक्तेसाहेब लिहीत होते. बाहेर ढगाळ होतं, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, आणि त्या वाफेपलीकडे कुठेतरी दीपगृहाचा दिवा फिरत असल्यासारखं त्यांना वाटत होतं. टिप्पणी गेली. मोठ्या साहेबांची सही होऊन परत आली. 'चाळीस खुर्च्या व दोन वल्ही तातडीने खरेदी करण्यास मंजुरी.'

तक्तेसाहेबांनी ते तीनदा वाचलं. ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, ती वल्ही..."

"वाचलं मी," साहेब म्हणाले. "तलावाच्या पाहणीला लागणार, बरोबर ना? इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. दूरदृष्टी आहे बुवा तुमच्याकडे!"

आता चूक आहे म्हणून सांगायचं, तर मंजूर खरेदी रद्द करण्याचा प्रस्ताव वेगळा, त्याला कारणं दाखवा वेगळं, आणि कारण काय दाखवणार? 'धुकं'? तक्तेसाहेब मान खाली घालून जागेवर आले आणि वल्ह्यांसाठी तीन दरपत्रकं मागवली. मुकाट्याने त्यांचाही तक्ता केला.

पंधरा दिवस कसे गेले कळलं नाही. बायकोची रजा सुरू झाली आणि त्याच दिवशी बातमी आली की 'वाऱ्याचं बेट' तीन दिवस पुढे ढकललं आहे. 'दोघांची बेकरी' एक महिना. 'मालगाडी' बेमुदत, त्यामुळे मास्तरांना वाटलं आपला अर्ज पोचला. तक्तेसाहेबांनी फलकावर शुद्धिपत्रक क्रमांक एक लावलं, मग दोन, मग दोनमधल्या चुकीसाठी तीन. या दरम्यान बायकोने पहिल्या दिवशी कपाटं आवरली, दुसऱ्या दिवशी पडदे धुतले, तिसऱ्या दिवशी कोड्यांचं एक अख्खं पुस्तक संपवलं. "झाला का हो तक्ता?" एवढं एकदा विचारलं. रागाने नव्हे. ती रागावली असती तर तक्तेसाहेबांना बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तक्ता पुरा झाला. चौदा ओळी, अकरा रकाने, आणि तळाला निष्कर्ष: 'वाऱ्याचं बेट'. म्हणजे एकोणीस दिवसांपूर्वी बायको बाल्कनीत म्हणाली तेच. हे त्यांच्याही लक्षात आलं. पण आता ते साधार सिद्ध झालं होतं, असं त्यांनी स्वतःची समजूत घालत मनाशी म्हटलं.

त्यांनी खरेदीचं बटण दाबलं. पडद्यावर एक हसरं अस्वल आलं. 'अरेरे, छोट्या दोस्ता! तुझं वय खरेदीसाठी कमी आहे. आईबाबांना बोलाव!'

तक्तेसाहेबांनी चष्मा काढून पुन्हा घातला. अस्वल तसंच हसत होतं.

झालं होतं असं, की हे खातं त्यांनी अकरा वर्षांपूर्वी उघडलं होतं. अर्जात 'दिनांक' असा रकाना होता. सव्वीस वर्षांत 'दिनांक' दिसला, की तक्तेसाहेबांचा हात आपोआप आजची तारीख लिहायचा. रकान्यावर बारीक अक्षरात 'जन्म' असंही छापलं होतं, ते वाचायचं राहिलं. इतकी वर्षं मुलगा त्याच्या खात्यातून घेत होता, म्हणून उघडकीला आलं नाही. कंपनीच्या दफ्तरी तक्तेसाहेब अकरा वर्षांचे होते.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलत होती. "सर, तुम्ही मुलाचे वडील बोलताय का?"

"नाही. मीच बोलतोय. खातं माझं आहे."

"मग जरा वडिलांना फोन द्या ना."

"वडील नाहीत."

"अरेरे," बाईचा आवाज खरोखर भरून आला. "इतक्या लहानपणी? मग आईला दे हं बाळा."

तक्तेसाहेबांनी फोन ठेवला आणि कंपनीची नियमावली उघडली. जन्मतारीख दुरुस्तीला पुराव्यासह पंधरा दिवस लागणार होते. दुसरा मार्ग एकच. खात्याला पालक जोडायचा.

बायको ओढणीला हात पुसत आली. तिच्या फोनवर अर्ज उघडला. तिचं ओळखपत्र लागलं, फोटो लागला आणि मग 'पाल्याशी नातं' असा रकाना आला. आई, वडील, इतर.

"'इतर' लिही," तक्तेसाहेब पडेल आवाजात म्हणाले.

"इतर कशी मी? आईच लिहिते. काम तेच आहे."

पडताळणीला दोन दिवस गेले. मग मंजुरी आली, तर मशीन म्हणालं आधी मला अद्ययावत करा. ते झालं, तर गेम उतरायला एकतीस तास दाखवू लागला. तक्तेसाहेब त्या निळ्या पट्टीसमोर देव पाण्यात घातल्यासारखे बसून राहिले. रजेचा शेवटचा दिवस, सोमवार उजाडला. त्यांनीही किरकोळ रजा टाकली. दुपारी चार वाजता पट्टी भरली.

बायको आली. त्यांच्या शेजारी, सोफ्यावर, भिंतीच्या अलीकडे बसली. तिने रिमोट हातात घेतला आणि उलटा धरला. तक्तेसाहेबांनी तो सुलटा करून दिला.

धुकं आलं. होडी आली. ते वल्हवू लागले, ती कंदील धरून बसली. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. "अगं बघ," ते म्हणाले, आणि ती शेजारीच असल्यामुळे तिने खरंच बघितलं. तक्तेसाहेबांना भरून आलं.

मग बेट आलं. जिना दगडी होता. कुठल्याच पायरीचा आवाज येत नव्हता. बायकोने चौथ्या पायरीवर जाऊन दोनदा पाय आपटला. पोस्ट नव्हतंच, तिथे एक कोठार होतं. ती कंदील घेऊन वर गेली, दिव्याच्या खोलीत. मोठी गोल काच होती, दिवा होता. काचेशी कुणी नव्हतं.

"बसलेलं असतं ना इथे?" तिने विचारलं.

"येत असेल," तक्तेसाहेब म्हणाले. "पुढे."

ती शोधत राहिली. पेट्यांमागे, होडीखाली, खडकांच्या फटीत. तक्तेसाहेब मागे मागे फिरत होते. अकरा रकान्यांच्या तक्त्यात मांजर हा रकानाच नव्हता, हे त्यांना आत्ता कळत होतं. एक तास झाला, लहान मुलांच्या खात्याला रोज तेवढाच, आणि पडदा बंद. अस्वल आलं. 'आजची वेळ संपली, छोट्या दोस्ता! आता बाहेर जाऊन खेळ!'

"बरं आहे," बायको म्हणाली. उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने पेन्सिलचा आवाज यायला लागला.

ते 'बरं आहे' तक्तेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात शंभर वेळा मनात ऐकलं. त्यात भर म्हणून वल्ही येऊन पडली होती. लांबलचक, गुळगुळीत, नव्या लाकडाचा वास येणारी. सगळी शाखा ती बघायला जमली. मोठ्या साहेबांनी एक हातात घेऊन हवेत फिरवलं आणि पुन्हा एकदा दूरदृष्टीचं कौतुक केलं. तक्तेसाहेबांना रडू यायचं बाकी होतं. आज घरी जाऊन सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. मी थाप मारली नाही, पण ते गेममध्ये नव्हतं. मला दिसलं, म्हणून सांगितलं. दोन वाक्यं. बसमध्ये ती त्यांनी पाठ केली, आणि त्या नादात थांबा चुकला नाही.

घरी आले तर हॉलमध्ये धुकं होतं. म्हणजे टीव्हीवर. बायको लॅबमधून आली होती, कपडेसुद्धा न बदलता सोफ्यावर बसली होती, एका हातात कंदील आणि एका हातात वल्हं असं दोन्ही एकटीनेच सांभाळत. होडी गोल गोल फिरत होती.

"आलात? उत्तरेकडची बाजू बघून झाली," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "तिथे नाही."

तक्तेसाहेब दारातच उभे राहिले. पाठ केलेली दोन्ही वाक्यं गेली. "अगं, मांजर नाहीये. या गेममध्ये नाहीच आहे ते. पोस्टातली बाईही नाही. ते सगळं मी... मला वाटलं होतं, असेल."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"पहिल्याच दिवशी कळलं." तिने आता होडी थांबवली. "लग्न झाल्यावर आपण पहिली खोली घेतली होती, तिथली चौथी पायरी अशीच कुरकुरायची. तुम्ही ऑफिसातून आलात की मला वरूनच कळायचं. आणि पत्र फोडायच्या आधी सांगायची ती घरमालकीणबाई. आणि एका कानाचं ते करडं, आपल्या खिडकीत येऊन बसायचं. तुम्ही त्याला नाव ठेवायला तीन नावं सुचवली होतीत आणि तक्ता करेपर्यंत ते निघून गेलं."

तक्तेसाहेब तिच्या शेजारी सोफ्यावर बसले. हे सगळं त्यांना आठवत होतं, आणि गेले तेवीस-चोवीस दिवस जराही आठवलं नव्हतं.

"मग शोधतेस कशाला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"दिवसभर त्या नळ्या बघून आल्यावर मला कुठेतरी जायचं असतं. तुम्ही नेलंत ना रोज बाल्कनीतून? आता सापडो न सापडो. धरा तो दुसरा रिमोट. मला नाही वल्हवता येत."

त्यांनी रिमोट उचलला आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. अस्वल! 'आजची वेळ संपली, छोट्या दोस्ता!'

अस्वलाखाली काल नजरेतून सुटलेलं 'आणखी वेळ माग' असं बटण होतं, ते तक्तेसाहेबांनी दाबलं. मग बायकोचा फोन वाजला. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मोठ्याने वाचलं. "'आपला पाल्य आणखी वेळ मागत आहे.' पंधरा मिनिटं, एक तास, किंवा मर्यादा नाही. काय हो, किती वेळ देऊ तुम्हाला?"

तीन पर्याय होते. बरोबर तीन. तक्तेसाहेबांचा हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला आणि तिथूनच परत आला.

"शेवटचा," ते म्हणाले.

"तक्ता नको?"

"नको."

तिने शेवटचं बटण दाबलं आणि फोन उशीखाली सारला. धुकं परत आलं. तक्तेसाहेब वल्हवू लागले.

"नाव काय ठेवायचं त्याचं?" कंदील उंच धरत तिने विचारलं.

त्यांनी डोळे मिटले, आणि पहिलं जे नाव तोंडात आलं ते सांगून टाकलं.